चोल्पोनची मेलेली आई

मेलिसने माझ्या मुलीचं नाव बदललं. ती वेनेरा होती. वेनेरा म्हणजे शुक्राची चांदणी, रशियन भाषेतली. मेलिस म्हणाला, हे नाव शहरी आहे, याला डोंगराचा वास नाही. म्हणून त्याने तिचं नाव चोल्पोन ठेवलं. चोल्पोन म्हणजेही तीच चांदणी, आमच्या किर्गिझ बोलीतली. एवढ्या कामासाठी त्याने तीन माणसांची बैठक बोलावली होती म्हणे. त्याच्या स्वतःच्या नावाच्या एकेका अक्षरात मार्क्सपासून स्टालिनपर्यंत सगळे कोंबलेले आहेत, कारण बाप पक्षाचा माणूस होता. ते नाव मात्र त्याने कधी बदललं नाही.

मेलिस पूर्वी लग्नांमध्ये माइक धरून पाहुण्यांना हसवायचा. पुढे त्याच्या लक्षात आलं, की हसवण्यापेक्षा रडवण्याला भाव जास्त आहे. तेव्हापासून तो स्वतःला निर्माता म्हणवतो. बिश्केकमध्ये त्याचं ऑफिस आहे, ऑफिसात काचेचं टेबल आहे आणि भिंतीवर त्याने घडवलेल्या गायक-गायिकांचे फोटो आहेत. फोटोतला एकही माणूस जन्माला आला तेव्हा तसा नव्हता.

नाव बदलण्याआधी वेनेराला त्याने पहिल्यांदा घडवलं ते पिवळे केस, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि विमानतळावरचं एक गाणं असं. ते गाणं मेलिसने पाहिलं, वेनेराने पाहिलं आणि मी पाहिलं. मी दोनदा पाहिलं. बाकी देश कामात होता.

मग तो वेनेराची मुळं शोधायला आमच्या घरी आला.

आमचं घर काराक्योलमध्ये, पाच मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे. हे गावच मुळी नारिन नदीवर धरण बांधणाऱ्या लोकांसाठी वसवलेलं. मी धरणावर क्रेन चालवायचे. वेनेरा इथेच वाढली, गरम पाण्याच्या नळांच्या घरात. संगीताच्या शाळेत पियानोसमोर बसून गाणं शिकली. घोडा तिने पहिल्यांदा सर्कशीत पाहिला आणि रडली.

मेलिस सगळ्या खोल्यांतून हिंडला. भिंतीतला हीटर पाहून त्याचा चेहरा पडला.

"एजे, मेंढ्या कुठे आहेत?" त्याने विचारलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला एजे म्हणतात, म्हणजे ताई.

"चौथ्या मजल्यावर?"

"इथे नाही हो. गावाकडे. घोडे, याक, एखादी बकरी तरी?"

"माझ्याकडे क्रेन होती. तीही सरकारची."

त्याने उसासा टाकला. मग जेवताना मीठ मागावं तसं विचारलं, "बरं, दुःख काय आहे तुमच्या घरात?"

"हिचे वडील गेले, ही शाळेत असताना. हृदय बंद पडलं."

"वडील चालत नाहीत. वडील सगळ्यांचेच गेलेले असतात, नाहीतर रशियात असतात. त्यावर आता कोणी रडत नाही." एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला, शिंपी गिऱ्हाइकाकडे बघतो तसा. मला वाटलं त्याला आणखी चहा हवा आहे. मी ओतला. जाताना त्याने भिंतीवरचा माझा तरुणपणचा फोटो मागून घेतला, क्रेनवरचा, डोक्यावर हेल्मेट असलेला. म्हणाला, आठवण म्हणून. कोणाची आठवण ते बोलला नाही.

काही दिवसांनी वेनेराचा फोन आला. ती मला आपा म्हणते, म्हणजे आई.

"आपा, रागावणार नसशील तर एक सांगू?"

"रागावणार असेन तर सांगणार नाहीस का?"

"नव्या गाण्यात आई मेलेली आहे."

"कोणाची?"

"गाण्यातल्या मुलीची."

"बिचारी. काळजी घे तिची."

"आपा, ती मुलगी म्हणजे मीच. म्हणजे चोल्पोन. आणि ते नुसतं गाणं नाही. कोशोक आहे."

मी हातातली किटली खाली ठेवली.

बाई गेली की आमच्याकडे लोकरीच्या जाड नमद्याचा तंबू उभारतात. इमारतीत राहणारे असले तरी खाली अंगणात, गाड्या बाजूला सारून. तंबूत मुली बसतात, लाकडी जाळीच्या भिंतीकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून, आणि गेलेल्या बाईवर गातात. ती कशी होती, काय रांधायची, कोणाशी भांडायची, कोणाला वाढायची. तो कोशोक. ज्याचा त्याने स्वतः करायचा असतो. माझ्या आईवर मी गायले होते. माझा गळा फुटक्या बादलीसारखा, तरी लोक रडले. तेव्हापासून मी मनात धरून होते, की माझ्या वेळी चांगलं काम होईल. पोरीला एवढी वर्षं संगीताच्या शाळेत घातलं, पियानोवालीला बाजारातलं चांगलं लोणी दिलं, ते सगळं पहिल्या दर्जाच्या रडण्यासाठी. तिच्याकडून दुसरी काही अपेक्षा नव्हती. हल्लीच्या मुली पैसे पाठवतात, फ्रिज पाठवतात. मला कोशोक हवा होता.

"कोणी लिहिलाय?" मी विचारलं.

"एक मुलगा आहे. फार हुशार आहे. कपडे धुण्याच्या पावडरच्या जाहिराती लिहितो."

"मग माझ्यावर डाग राहणार नाहीत."

"आपा, चेष्टा नको ना. ही फक्त इमेज आहे."

"वेनेरा, माझ्यावर गायचं ते मी गेल्यावर. आत्ताच वापरून टाकलंस तर मग काय गाशील?"

मग ती म्हणाली, "आपा, लग्नांमध्ये आता मला बोलावत नाहीत. माझ्याऐवजी स्पीकर लावतात. मेलिसभाऊ म्हणतात, ही शेवटची संधी."

उत्तर नसलं की मी रागावते, तशी रागावले आणि फोन ठेवला.

व्हिडिओ आला. त्यात मी डोंगरात राहत होते. माझे हात एका नटीचे होते, लोण्यासारखे. त्या हातांनी मी कातडी पिशवीत घोडीच्या दुधाचं कुमिस घुसळत होते, अंगाई गात होते, आणि शेवटी हिमवादळात हरवलेलं कोकरू शोधायला गेले. कोकरू एकटं परत आलं. आयुष्यात मी एकदाही कोकराच्या मागे धावलेली नाही. क्रेनवरून उतरायलाच मला पाव तास लागायचा. वेनेरा घोड्यावर होती. घोडा धरणाऱ्या माणसाचे बूट एका कोपऱ्यात दिसतात, बाकी सगळं रानटी आणि मोकळं होतं. शेवटी पडदाभर माझा फोटो आला, क्रेन कापलेला, हेल्मेटच्या जागी पांढरा रुमाल रंगवलेला, आणि खाली अक्षरं: आईच्या स्मृतीस.

या वेळी देश कामात नव्हता. ते गाणं टॅक्सीत वाजलं, न्हाव्याकडे वाजलं, दातांच्या दवाखान्यात वाजलं. बाजारात बटाटेवाली माझं मरण गुणगुणत गुणगुणत मला वजनात मारत होती. वेनेराला मुलाखतींना बोलावू लागले. ती बोलताना निम्मे शब्द रशियन घालते, म्हणून मेलिसने तिला बोलायचंच नाही असं सांगितलं होतं. प्रश्न आला की डोंगराकडे पाहायचं. स्टुडिओत डोंगर नसायचा, तेव्हा ती पंख्याकडे पाहायची. लोक म्हणायचे, किती खोल दुःख आहे पोरीचं.

आणि मग मी गॅलरीत कपडे वाळत घालत असताना माझा दुखवटा आला.

तीन गाड्या आणि एक व्हॅन खाली येऊन थांबल्या. गाड्यांतून माझ्या नवऱ्याच्या गावची माणसं उतरली. आमचे पुरुष मयताच्या घरी चालत जात नाहीत. लांबूनच मोठ्याने रडत, मेलेल्याला हाका मारत धावत सुटतात. सगळ्यांच्या पुढे माझा धाकटा दीर तुर्दुबेक होता.

"वहिनी गं! आम्हाला न सांगता कुठे गेलीस गं, वहिनी!"

मी कठड्यावरून वाकले. "कोण गेलं रे?"

तुर्दुबेकने रडता रडता वर पाहिलं. "तू!" तो म्हणाला आणि आणखी दोन पावलं धावला, कारण एवढं जड शरीर एकदम थांबत नाही. मग थांबला. मागच्यांनी वर पाहिलं नव्हतं. ते रडत येऊन त्याच्या पाठीवर आदळले.

सगळ्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या. पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "आहे की गेली? एकदा नक्की सांगा, म्हणजे मला काळी टोपी काढायला बरं."

रडत आलेल्या माणसाला दारातून परत पाठवता येत नाही. त्यांनी मेंढी आणली होती. ती खालीच कापली आणि माझ्या दुखवट्याचा स्वयंपाक मी केला. बायकांनी बोर्सोक, म्हणजे पिठाचे फुगीर तुकडे, तळायला मदत केली. मटणात मीठ कमी आहे असं तिघांनी सांगितलं.

"वहिनी, तू आहेस हे चांगलंच आहे," तुर्दुबेक हाड चोखत म्हणाला, "पण कळवायला हवं होतंस."

"काय कळवू? आजही मेले नाही, असा रोज फोन करू?"

"तसं नाही. पण मॉस्कोत पोराने गाणं पाहिलं. काकू गेली म्हणून बांधकामावर रडला. मुकादमाने त्याला सुट्टी दिली. आता ती सुट्टी परत कशी करायची?"

"त्याला म्हणावं मी परत मरेन तेव्हा कामावर जा."

कोपऱ्यात बुर्मा आत्याबाई बसल्या होत्या, माझ्या सासऱ्यांची बहीण. आमच्या सगळ्या खोऱ्यातल्या मयतांना बसलेली बाई. त्यांनी इतका वेळ मटणाकडे लक्ष दिलं होतं. आता हात पुसून माझ्याकडे वळल्या.

"कलिपा, पोरगी गाताना तिचं तोंड कुठे होतं?"

"कॅमेऱ्याकडे, आत्याबाई."

"जाळीच्या भिंतीकडे नाही?"

"नाही."

"मग लागू नाही," आत्याबाई म्हणाल्या. "लोकांकडे तोंड करून गायलं ते गाणं. ते कोणीही गावं. कोशोक भिंतीकडे तोंड करून लागतो. तुझा अजून शिल्लक आहे."

शहाण्या बाईला वाटू नये इतकं मला हलकं वाटलं. मी त्यांना मांडीचा तुकडा वाढला.

"पण सांभाळ," त्या तुकडा मोडत म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड केलं की झालं. एका बाईला एकच मिळतो. मग तू खरी मेलीस तरी आम्ही येऊ, जेवू, पण गायला काही उरायचं नाही."

परत जाताना तुर्दुबेकने माझ्याबरोबर फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं: 'माझी वहिनी जिवंत आहे, आज तिच्याकडे जेवलो.' हजारो लोकांनी त्याला शिव्या घातल्या. एका अनाथ पोरीच्या दुःखावर प्रसिद्धी मिळवणारा नीच नातेवाईक, असं कोणीतरी लिहिलं. माझ्याविषयी लिहिलं, की ही तोतया बाई खऱ्या आईच्या नखाचीही सर नाही.

महिनाभराने वेनेराचा पुन्हा फोन आला. आवाज चढलेला होता.

"आपा, बिश्केकच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे! एकही खुर्ची उरली नाही. आणि या वेळी सगळं अस्सल आहे. तू मागच्या वेळी रागावली होतीस ना? मेलिसभाऊंनी एक अभ्यासक गाठलाय. मंचावर खरा तंबू उभारणार आहेत. मी आत बसणार, भिंतीकडे तोंड करून."

"काय?"

"भिंतीकडे तोंड, लोकांकडे पाठ. अगदी रीतीप्रमाणे. आणि गाणं रेकॉर्डवर वाजतं, ओठ हलवताना माझी नेहमी चूक होते, तर पाठ असली की तोही प्रश्न मिटला."

"वेनेरा, तशी बसू नकोस."

"अगं पण..."

"बाकी काहीही कर. नाच. परत केस पिवळे कर. घोड्यावरून पड. भिंतीकडे तोंड करू नकोस."

"आपा, करार आहे. सही केलीय मी." आणि मागून कोणीतरी "चोल्पोन, चोल्पोन" अशी हाक मारली. फोन बंद झाला. माझ्या मुलीला दुसऱ्याच नावाने हाक मारली आणि ती गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी तुर्दुबेकच्या गाडीतून मी आणि आत्याबाई घाट चढून बिश्केकला गेलो. तुर्दुबेककडे एक तिकीट होतं, तेही गॅलरीचं. आम्ही दोघी मागच्या दाराने गेलो. तिथे कानाला यंत्र लावलेली एक मुलगी म्हाताऱ्या बायका गोळा करत उभी होती. गाणं चालू असताना बायका मंचावर जाणार, रडणाऱ्या मुलीला एकेक करून मिठी मारणार. दुखवट्याला आलेल्या बायका मारतात तशी. हेही अभ्यासकानेच सांगितलं होतं. दोन बायका कमी पडत होत्या.

"तुम्ही रडायला आलात ना?" तिने विचारलं.

"आयुष्यभर," आत्याबाई म्हणाल्या.

मुलीने आम्हाला पांढरे रुमाल दिले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही जरा जास्तच धडधाकट आहे. हिला शेवटी ठेवा."

मेलिस आमच्या जवळूनच गेला. चमकणारा कोट, हातात माइक. कार्यक्रमाचं निवेदन तोच करणार होता, जुनी सवय. सगळ्या शहरात ज्याने माझा फोटो लावला होता त्याने मला ओळखलं नाही. म्हणाला, "आज्यांनो, रडताना कॅमेऱ्याकडे बघू नका. आणि खरं रडा, खोटं लगेच कळतं."

मंचावर टरबूज कापावं तसा अर्धा कापलेला तंबू होता. मागे पडद्यावर मी होते, इमारतीएवढी, रंगवलेल्या रुमालातली. आणि तंबूत, काळ्या कपड्यांत, पाठमोरी वेनेरा. तिची पाठ मी कुठेही ओळखेन. लहानपणी ती पियानोसमोर अशीच बसायची, एक खांदा खाली टाकून.

गाणं सुरू झालं.

"तुझ्या मांडीवरचं कोकरू, आई, आता कोणाच्या मांडीवर..."

हॉल हुंदके देऊ लागला. बायका एकेक करून पुढे जाऊ लागल्या. आत्याबाई माझ्या पुढे होत्या. त्यांनी जाऊन वेनेराला मिठी मारली आणि असा हंबरडा फोडला, की पुढच्या ओळीतल्या एका मंत्र्याने डोळे पुसले. खरं म्हणजे त्या तिच्या कानात म्हणाल्या होत्या, "मूर्ख कार्टे, जाळी मोज नाहीतर डोळे मीट, पण मनात काही म्हणू नकोस." ते मला नंतर कळलं.

मग मी गेले. वाकले, दोन्ही हात तिच्या गळ्यात घातले. तिचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमत होता आणि तिचं तोंड बंद होतं.

"वेनेरा," मी म्हणाले.

ती दचकली. त्या इमारतीत त्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं.

"आपा? तू इथे काय करतेस?"

"दुखवट्याला आलेय. तुझी आई गेली म्हणतात."

"आपा, जा ना. लोक बघताहेत."

"बघू देत. तू गातेयस आणि आपल्याला बोलता येतंय, ही सोय चांगली आहे."

"आपा, प्लीज. दोनच कडवी राहिलीत."

"ऐक. तो पावडरवाल्याचा मला नको. मला तुझा पाहिजे. वाईट असला तरी चालेल, बेसूर असला तरी चालेल. पण मला एकच मिळतो, वेनेरा. तो असा संपवू नकोस. तोंड वळव."

ती वळली नाही. कोकरू एकटं परत येतं ते अख्खं कडवं मी तशीच वाकून उभी राहिले. माझी कंबर त्या कडव्याला अजून शिव्या देते. माझ्या हातावर काहीतरी गरम पडलं, पण मी बघितलं नाही. मग तिने माझे हात सोडवले. मला वाटलं, ढकलते आता. तिने ते धरूनच ठेवले, उठली आणि भिंतीकडे पाठ केली.

आम्ही दोघी मंचाच्या पुढे आलो. तिचा आवाज मागे गातच होता. तिने मेलिसच्या हातातला माइक घेतला.

"ही माझी आई आहे," ती म्हणाली. "ही जिवंत आहे. माझं नाव वेनेरा."

मग पहिल्या ओळीतून एक बाई ओरडली, "अगं बाई गं! दुःखाने पोरीचं डोकं फिरलं!"

आणि हॉल असा रडला, की आधीचं रडणं म्हणजे तालीम वाटावी. पुरुष उभे राहिले. मेलिस माझ्या मुलीच्या बाजूला आला, माइक हळूच काढून घेतला आणि कापऱ्या आवाजात म्हणाला, "मित्रांनो, जिची आई जाते तिला प्रत्येक म्हाताऱ्या बाईत आई दिसते."

टाळ्या पडल्या. वरच्या गॅलरीतून तुर्दुबेक ओरडत होता, "अरे, खरंच जिवंत आहे! मी तिच्याकडे जेवलोय!" त्याला दोन रखवालदारांनी उचलून बाहेर नेलं. दुःखाच्या प्रसंगी दारू पिऊन येणारे लोक असतातच, असं शेजारचा माणूस म्हणाला, हे तुर्दुबेकनेच मला सांगितलं.

आम्ही आत गेलो. गाणं आमच्याशिवाय शेवटपर्यंत गेलं आणि त्याला भरपूर टाळ्या मिळाल्या.

पडद्यामागे मेलिस वेनेराच्या कपाळाचा मुका घ्यायला धावला. "उद्या ओश शहरात अगदी असंच करायचं! हेच वाक्य, हाच आवाज. आणि एजे, तुम्हीही चला. काय काम केलंत! आधी कुठल्या नाटक कंपनीत होतात?"

"क्रेनवर," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या माझ्याकडे, मग परत माझ्याकडे. चेहरा एकदा उतरला आणि लगेच जागेवर आला.

"एजे... तुम्ही."

"मीच. कालवश."

"तुम्ही जिवंत आहात हे कोणाला सांगितलंत का?"

"आत्ताच. एका अख्ख्या हॉलला."

"ते चालेल," तो म्हणाला. "त्यांना खरं वाटलं नाही."

वेनेरा डोळ्यांचा काळा रंग पुसत होती. "मेलिसभाऊ, मी परत भिंतीकडे तोंड करून बसणार नाही."

"मग काय करणार?"

"समोर बघून गाईन. दुसरं काहीतरी."

"दुसरं काहीतरी लोकांनी पाहिलंय," मेलिस म्हणाला. "म्हणजे पाहिलं नाही." तो रागावला नव्हता. खिशातून फोन काढून त्याने कोणाचा तरी नंबर शोधायला सुरुवात केली. "हे बघ, तुझ्यावर जबरदस्ती नाही. तू जा आईबरोबर. नाव माझं आहे, गाणं माझं आहे, आवाज रेकॉर्डवर आहे. उरली पाठ. पाठ कोणाचीही चालते."

आणि खरंच चालली. ओशला चोल्पोन तंबूत बसली, भिंतीकडे तोंड करून, आणि लोक रडले. वर्तमानपत्रांनी लिहिलं की चोल्पोन दुःखाने वाळली आहे, कारण ही मुलगी वेनेरापेक्षा बारीक होती. पुढे तिने मुलाखती देणंच सोडलं. त्यामुळे तिचं दुःख आणखी खोल झालं.

ती मुलगी बातकेनकडची आहे. तिच्या आईने माझा नंबर कुठून मिळवला माहीत नाही, पण तिचा एकदा फोन आला. बाई ठणठणीत आहे, जर्दाळू विकते. आवाज घाबरलेला होता. मी तिला मुलीशी बोल म्हणाले, दुसऱ्या कोणाशी बोलून उपयोग नाही. ती म्हणाली, मुलगी म्हणते करार आहे. मग मी तिला जर्दाळूचा भाव विचारला.

वेनेरा आता काराक्योललाच आहे. संगीताच्या शाळेत मुलांना शिकवते आणि खोऱ्यातल्या लग्नांत गाते, वेनेरा या नावाने, लोकांकडे तोंड करून. प्रसिद्ध चोल्पोनसारखा आवाज आहे असं लोक म्हणतात. फक्त त्यात ते दुःख नाही, असंही म्हणतात.

परवा सणाच्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात पीठ मळत होतो. टीव्हीवर चोल्पोन लागली. लांब वेणी, काळे कपडे, पाठ. आणि माझ्या मुलीचा गळा बातकेनच्या बाईवर रडत होता.

"बंद करू?" वेनेराने विचारलं.

"असू दे. आवाज चांगला आहे."

ती थोडा वेळ मळत राहिली. मग पिठातून हात न काढताच म्हणाली, "आपा, मी तुझ्यावर थोडा केलाय. माझा मी. पहिल्या चार ओळी जमल्यात. म्हणून दाखवू?"

"खबरदार!" मी म्हणाले. "तो मी सोडून बाकी सगळ्यांनी ऐकायचा असतो."

ती हसली. पण तिचे ओठ हलायला लागले होते, गुणगुणण्याआधी हलतात तसे. माझे हात पिठाचे होते, तरी मी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.